सहवासाचा दाखला

“वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका थट्टेने म्हणत, न्यूझीलंड सरकारच्या इमिग्रेशन खात्याने २०१९ साली त्या थट्टेचे रीतसर कलम करून टाकले,” असे मामा म्हणाले आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी भाचीकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू त्या खात्याची कैफियत देण्याची जबाबदारी तिच्यावरच येऊन पडली आहे.

ती जबाबदारी तिची नव्हे हे खरे. परंतु त्या खात्याशी तिचा संबंधच नाही, असेही म्हणता येणार नाही. भाची ऑकलंडला परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार आहे, म्हणजे त्या देशात ज्यांना प्रवेश हवा आहे त्यांचे अर्ज आणि पुरावे जुळवून देणे हा तिच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. मामा महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी विवाह अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झाले, आणि हयात दस्तऐवजांच्या सहवासात घालविलेल्या माणसाला मनुष्यजातीपेक्षा शिक्क्यावर अंमळ अधिक विश्वास वाटू लागतो, तसा तो त्यांना वाटतो. या दोघांचा वाद मी शेजारी या नात्याने ऐकला. त्यात मध्यस्थी करण्याची माझी पात्रता नाही. मात्र कोण कोठे घसरले, हे सांगण्याचा मोह मला सर्वस्वी आवरेल असे वाटत नाही.

वादाचा विषय असा. पतिपत्नी या नात्याने जो परदेशी मनुष्य न्यूझीलंडचा व्हिसा मागतो त्याने आपल्या जोडीदारासह प्रत्यक्ष एका घरात संसार चालविला आहे, असे दाखवावे, आणि कायमच्या निवासासाठी तर हा सहवास बारा महिन्यांचा असावा, असा तेथला नियम आहे. भारतातून येणाऱ्या नवविवाहित वधूंच्या बाबतीत अधिकारी पुष्कळदा या अटीकडे काणाडोळा करीत, कारण ऑकलंडचा जावई तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, बोहल्यावर चढतो, देवदर्शन आटोपतो आणि विमानात बसतो, हा प्रकार त्यांच्या परिचयाचा झाला होता. २०१९ च्या मे महिन्याच्या सुमारास नियम अक्षरशः पाळण्याविषयी सूचना निघाली, आणि अर्ज नामंजूर होऊन परत येऊ लागले. ‘कल्चरली अरेंज्ड मॅरेज’ या नावाचा एक स्वतंत्र व्हिजिटर व्हिसा तेव्हाही अस्तित्वात होता, पण तो लग्न न्यूझीलंडच्या भूमीवर लागणार असेल तरच मिळे. म्हणजे मांडव, भटजी, वऱ्हाड आणि वरमाईचा रुसवा हे सर्व सातासमुद्रापलीकडे नेण्याची ज्याची ऐपत असेल त्याच्यासाठीच ती सवलत होती. तेथल्या भारतीयांनी निषेध केला तेव्हा आघाडी सरकारातले मंत्री शेन जोन्स यांनी, ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या विमानाने परत जावे, अशा अर्थाचे उद्गार काढले. नोव्हेंबरात मात्र सरकारने माघार घेतली आणि लग्न कोठेही लागलेले असो, या व्हिसाचा मार्ग खुला केला. वधूने किंवा वराने तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी यावे, जोडीदारासह घर मांडावे आणि त्या सहवासाच्या आधारावर पुढचा अर्ज करावा, अशी ही व्यवस्था आहे.

मामा : सरकार शुद्धीवर आले, ठीक झाले. पण मुळात हा प्रश्न उद्भवावाच का, हे मला उमगत नाही. हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. त्यानंतर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी होते, तीन साक्षीदार सह्या करतात, लग्न लावणारा पुरोहित सही करतो, निबंधक शिक्का मारतो. एका सार्वभौम देशाचा अधिकारी, हे दोघे पतिपत्नी आहेत, असे लिहून देत असता दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने त्यांची चादर एक होती की दोन, याची चौकशी करावी, हा मला केवळ उद्धटपणा वाटतो. सहवास हे विवाहाचे फळ आहे. त्यालाच पुरावा म्हणून आधी हजर करा म्हणणे हा कोणता न्याय?

भाची : मामा, तुमच्या शिक्क्याचा अपमान करण्याचा तिकडे कोणाचाच हेतू नाही. अडचण निराळी आहे. त्या देशाने लग्नाच्या दाखल्याला मोठेसे महत्त्व देण्याचे केव्हाच सोडून दिले. तेथे २००२ पासून, लग्न न करता तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याची ताटातूट झाली, तर मालमत्तेची वाटणी विवाहितांप्रमाणेच होते. व्हिसाच्या बाबतीतही तसेच. लग्न केलेले आणि न केलेले, दोघांनाही माप एकच, आणि ते माप म्हणजे एकत्र राहणे. हा नियम आपल्याला छळण्यासाठी जन्माला आलेला नाही. अविवाहितांना विवाहितांच्या पंक्तीला बसविण्याच्या उदारपणातून तो आला. उदारपणाची झळ कोणाला लागली, तर ज्यांच्याजवळ दाखला आहे पण सहवास नाही, अशा आपल्या माणसांना.

हे ऐकून मामा क्षणभर थांबले. माझ्या मते या ठिकाणी त्यांनी आपला पक्ष नव्याने मांडावयास हवा होता. परंतु त्यांनी इतिहासाचा आधार घेतला, आणि एवढे मात्र कबूल केले पाहिजे की, तो आधार लेचापेचा नव्हता.

मामा : माप बदलते, मापणाऱ्याचा हात बदलत नाही. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ख्रिस्ती विधीने न लागलेले अथवा तेथल्या कायद्याप्रमाणे न नोंदलेले लग्न मान्य करता येणार नाही. बाई मरियम नावाची बाई नवऱ्याकडे चालली होती, तिच्या प्रवेशावरून हा खटला. एका निकालाने हजारो हिंदू, मुसलमान आणि पारशी बायका कायद्याच्या दृष्टीने रखेल्या ठरल्या, आणि त्याचमुळे कस्तुरबा आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रिया सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. पुढच्या वर्षी ‘इंडियन रिलीफ अॅक्ट’ करून सरकारला ती लग्ने मानावी लागली. तेव्हा त्यांना विधी हवा होता, कागद हवा होता. आज आम्ही विधी दाखवितो, कागद दाखवितो, तर त्यांना सहवास हवा!

भाची : आणि आता सहवासाचीही सूट देऊन चालीरीत मान्य केली, तरीही तुमची तक्रार उरतेच. पण चालीरीतीची परीक्षा परक्या अधिकाऱ्याच्या हाती गेली की काय होते, त्याचाही इतिहास आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिचा वाग्दत्त वर तेथे राहत होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांत लग्न करणार असलेल्या वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नसे, लग्न झालेल्या बायकोला मात्र लागे. अधिकाऱ्यांना संशय आला की, ही बाई आधीच विवाहित असावी. भारतीय कुमारिका विवाहापूर्वी अक्षतयोनी असते, हे आपले सांस्कृतिक ज्ञान वापरून त्यांनी डॉक्टरकरवी तिची कौमार्यपरीक्षा केली. मामा, त्या अधिकाऱ्याला आपली चालीरीत ठाऊक नव्हती असे नाही. त्याला ती जरा जास्तच ठाऊक होती.

या उदाहरणानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. हे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर आल्यावर भारत सरकारने निषेध केला आणि ती पद्धत बंद करण्यात आली. पण ज्ञानाचे हत्यार बोथट झाले नाही, हे भाचीने पुढे जे सांगितले त्यावरून दिसते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये असा नियम होता की, लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरकाव करणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे. नकारात्मक गोष्ट सिद्ध करणे किती दुष्कर, हे वकिलांना विचारावे. त्यातही जेथे नवरा भारतीय उपखंडातला आणि बायको ब्रिटनमधली, तेथे अधिकारी म्हणत की, तुमच्या परंपरेत मुलगी सासरी जाते. हा मनुष्य बायकोच्या घरी येत आहे, तेव्हा याचे लग्न परंपरेला सोडून, आणि म्हणून संशयास्पद. आपल्याकडे घरजावयाची जी कुचेष्टा होते तिला परराष्ट्राच्या दप्तरात पुराव्याचा दर्जा मिळावा, यापेक्षा मोठी कुचेष्टा ती कोणती! १९९७ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आल्यावर तो नियम रद्द झाला.

मामा : म्हणजे तुझे म्हणणे, चालीरीत मानली नाही तरी वाईट आणि मानली तरी वाईट. मग अधिकाऱ्याने करावे तरी काय? डोळे मिटून सर्वांना सोडावे?

भाची : नाही. मी माझ्या अशिलांच्या वतीने भांडते, पण चौकशी नको असे मी कधीही म्हणणार नाही. परदेशी स्थळ म्हणून मुलगी दिली, हुंडा नव्हे म्हणत म्हणत सर्व काही दिले, जावई महिन्याभरात परत गेला आणि पुन्हा फोन उचलला नाही, अशी घरे तुम्हीही पाहिली असतील. २०१९ सालीच राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक मांडले गेले. २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात याच विषयावर सर्वंकष कायदा सुचविला. उगाच नव्हे. आणि जी मुलगी त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे येते, तिची अवस्था पाहा. नोकरीची मुभा नाही, घर नवऱ्याचे, पुढचा अर्ज नवऱ्याच्या पाठिंब्यावर. छळ झाला तर कुटुंबातील हिंसाचाराला बळी पडलेल्यांसाठी स्वतंत्र व्हिसाची सोय आहे, पण ती आहे हे तिला सांगणार कोण? शेजारीण इंग्रजी बोलते, सासू बोलत नाही, आणि सासूचे ऐकावयाचे, हे तिला माहेरी शिकविलेले.

मामा : तेथेच तर आईबापांचा, मध्यस्थाचा उपयोग! दोन कुटुंबे जामीन राहतात. मुलाने दगा दिला तर मध्यस्थ गावात तोंड दाखवू शकत नाही. दोन परक्या माणसांच्या प्रेमपत्रांपेक्षा ही हमी मला अधिक भरवशाची वाटते, आणि न्यूझीलंडच्या नियमाने तीच मान्य केली आहे.

भाची : मान्य केली आहे, आणि माझी हरकत नेमकी तेथेच आहे. नियम काय म्हणतो? विवाह एखाद्या ओळखल्या जाणाऱ्या परंपरेनुसार ठरलेला असावा, आणि तो ठरविणारी, वधूवरांच्या निवडीला साहाय्य करणारी माणसे त्या विवाहाच्या पक्षकारांहून वेगळी असावीत. आता आपल्याकडची लग्ने पाहा. बाप विवाहसंस्थेत नाव घालतो. मुलगी मोबाईलवर स्थळे चाळते. चार महिने दोघे रात्री बारापर्यंत बोलतात. मग एके दिवशी बघण्याचा कार्यक्रम असा होतो की जणू दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेच नाही, आणि पोह्यांची बशी देताना मुलीने लाजावे अशी अपेक्षा असते. हे लग्न कोणी ठरविले? मुलगी अधिकाऱ्यापुढे खरे बोलली की, मी त्याला निवडले, बाबांनी फक्त पत्रिका पाहिली, तर ती परंपरेतून बाहेर पडते. आणि सहवास नाही म्हणून दुसऱ्या दारातूनही तिला आत जाता येत नाही. मग आमच्याकडे कागद कसे येतात ते ऐका. लग्नपत्रिका, तिच्यावर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत सर्वाचे इंग्रजी भाषांतर. साखरपुड्याच्या याद्या. अंतरपाट धरलेला फोटो, अंतरपाट दूर झाल्यावरचा फोटो. सुपारी कोणी फोडली याचे वधूच्या मामाचे प्रतिज्ञापत्र. आणि व्हॉट्सअॅपचे संभाषण छापताना पहिले चार महिने वगळलेले, कारण त्यात दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केल्याचे दिसते! संसाराला ज्याने बळ येते ते मी फायलीतून काढावयाचे, आणि ज्याने शोभा येते तेवढे ठेवावयाचे.

मामांना हसू आले, पण त्यांनी ते सुपारीबरोबर गिळले. मला विचाराल तर भाचीने येथपर्यंत नियमाची गैरसोय दाखविली होती. नियमाचा अन्याय तिने यानंतर दाखविला, आणि तो दाखविताना तिने मामांच्याच कचेरीत पाऊल टाकले.

भाची : मामा, आता ज्यांची लग्ने कोणीच ठरविली नाहीत, त्यांचे सांगा. मुलगा एका जातीचा, मुलगी दुसऱ्या जातीची, दोन्ही घरांचा विरोध. दोघे तुमच्याकडे येत. विशेष विवाह कायद्याखाली तुम्ही नोटीस लावत असा.

मामा : तीस दिवस. १९५४ चा कायदा. सागवानी चौकटीची, काचेची, कुलूप असलेली फळी होती, कारण नोटिशी लोक फाडून नेत. त्यावर दोघांची नावे, वये, पत्ते. कोणाची कायदेशीर हरकत असेल तर तीस दिवसांत सांगावी. कायद्याने हरकती मोजक्याच, पण मुलीचा बाप त्या काचेपुढे उभा राहून पत्ता वाचीत असे तेव्हा त्याला कायद्यातली हरकत सांगावयाची नसे, हे मला कळत असे. दोनदा पोलीस बोलवावे लागले. एका मुलीला तिच्या भावांनी एकोणतिसाव्या दिवशी नेली. ती परत आली नाही.

भाची : जी परत आली, जिने तुमच्यापुढे सही केली, तिचा नवरा जर ऑकलंडला असेल तर तिने कोणता व्हिसा मागावा? परंपरेचा मिळणार नाही, कारण तिच्या लग्नात परंपरा नाही. दोन्ही आईबाप साक्षीला येणार नाहीत, सुपारी फुटली नाही, याद्या झाल्या नाहीत. सहवासाचा मिळणार नाही, कारण नवरा नोकरी सोडून वर्षभर येथे राहू शकत नाही, आणि येथे एकत्र राहिली तर भाऊ घराचा पत्ता शोधतात. जी आईबापांचे ऐकते तिला सवलत. जिने स्वतःच्या जबाबदारीवर, तीस दिवस काचेमागे नाव टांगून, कायद्याने लग्न केले तिला काही नाही. ज्या महाराष्ट्रात सत्यशोधकांनी दीडशे वर्षांपूर्वी भटजीवाचून लग्ने लावली, तेथल्या मुलीला परदेशी सरकार म्हणते, परंपरा दाखव. सांस्कृतिक औदार्य ते हेच का? त्यांनी आमची संस्कृती मान्य केली असे तुम्ही म्हणता. त्यांनी संस्कृतीतल्या वडीलधाऱ्यांना मान्यता दिली, एवढेच मला दिसते.

मामांनी अडकित्ता बाजूला ठेवला. ते म्हणाले त्यात माघार होती की नवा पवित्रा, हे मला अजून सांगता येत नाही.

मामा : तुझे निम्मे खरे आहे. पण कोणत्याही नियमाला हाताने धरता येईल असे काहीतरी लागते. ‘यांचे एकमेकांवर प्रेम आहे’ हे धरता येत नाही. सुपारी फुटली, हे धरता येते. बारा महिने एका छपराखाली राहिले, हेही धरता येते. तुझ्या त्या मुलीच्या बाजूने काय धरावे? मी तरी म्हणेन, माझी नोटीस धरा. ज्या लग्नासाठी दोन माणसे महिनाभर सर्वांच्या डोळ्यांसमोर नाव लावून थांबली, साऱ्या गावाचा विरोध सोसून तीन साक्षीदार घेऊन माझ्यापुढे आली, त्या लग्नाचा हेतू खोटा असावा, हा संशय घेण्यास अधिकाऱ्यापाशी कारण काय? खोटे लग्न करणारा मनुष्य असा त्रास घेत नाही. तो सनई लावतो, पाचशे पाने वाढतो आणि व्हिडिओ काढतो.

भाची : हे मी त्यांना लिहून कळवू?

मामा : कळव. पण त्याला एक पुरवणी जोड, की ही नोटीस मुलींना पकडण्यासाठीही वापरली गेली आहे. नाहीतर उद्या न्यूझीलंड म्हणेल, आम्ही अर्जदारांची नावे तीस दिवस फळीवर लावणार.

भाची : ते म्हणतील तेव्हा म्हणतील. तोवर मी त्या मुलींना काय सांगते ते ऐका. पुण्यात नाहीतर मुंबईत, जेथे भाऊ पोचणार नाहीत अशा ठिकाणी, दोघांच्या नावाने खोली घ्या. भाडेकरार नोंदवा, दोघांच्या सह्यांचा. गॅसची जोडणी, विजेचे बिल, बँकेचे खाते, सर्व जोडनावाने. नवऱ्याने बिनपगारी रजा काढून जितके महिने राहता येईल तितके राहावे. दूधवाल्याचे बिलसुद्धा जपून ठेवावे. मग सहवासाच्या वाटेने अर्ज करावा.

मामा : आणि नवऱ्याची नोकरी?

भाची : काहींची टिकली. एकाची गेली, पण त्या भाडेकराराच्या बळावर त्याच्या बायकोचा अर्ज मंजूर झाला, आणि आता ती नोकरी करते, तो दुसरी शोधतो.

मामा : घरमालकाने भाडेकरार नोंदवून द्यावयाला कांकू केली असेल.

भाची : केली. त्याने लग्नाचा दाखला मागितला.